चाळणीतला टाळ

लाखेच्या ७८ आरपीएम तबकडीने गाण्याचा वेळ कापला. ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत आटोपावा लागे. १९९३च्या प्रमाणकातून आलेल्या एमपीथ्रीने वेळ सोडला, आवाज चाळला. मोठ्या स्वराखाली दबलेला बारीक ध्वनी कानाला कळत नाही, म्हणून तो गाळायचा. सीडीच्या दर्जाचं मिनिट सुमारे १० एमबी. १२८ केबीपीएसला जेमतेम १. कार्लहाइन्झ ब्रँडनबर्ग यांनी ही चाळण सुझॅन व्हेगाच्या साथीविना गायलेल्या गाण्यावर वारंवार पारखली. त्यात टाळ नव्हता.

माउलींच्या पालखीचा मुक्काम असलेल्या आमच्या नातेपुत्यात घरगुती भजनही टाळाशिवाय होत नाही. आवाज तुकड्यातुकड्यांनी चाळला जातो, त्यामुळे टाळाचा तीक्ष्ण आघात लवकर विस्कटतो. म्हणून मी पाठवायला एमपीथ्री काढतो, पण मूळ वेव्ह फाइल जपतो. गाळलेलं परत मिळत नाही.