कोयनेची वीज आणि कोयनेचा भूकंप

11 डिसेंबर 1967 ची पहाट. चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले. गाव साखरझोपेत होते. दगडमातीच्या भिंती निजल्या माणसांवर कोसळल्या. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. तिकडे मुंबईतली वीज गेली, कारण ती कोयनेवरून येत होती.

ती वीज कशी होते? कोयना मूळची कऱ्हाडकडे वाहणारी, कृष्णेला मिळणारी. धरणाने तिला अडविले आणि सह्याद्री पोखरून पाणी पश्चिमेला, पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडले. सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीवरून येणारे पाणी चक्र फिरविते, चक्राबरोबर चुंबक फिरतो आणि भोवतालच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज उपजते. फॅरेडेने 1831 साली टेबलावर दाखविले ते तत्त्व हेच. चुंबक, तारेचे वेटोळे आणि गॅल्व्हानोमीटर असेल तर गुरुजींना ते वर्गातही दाखविता येईल.

1962 च्या सुमारास जलाशय भरू लागला नि परिसरात बारीकसारीक धक्के सुरू झाले. मोजायला यंत्रे बसली. 13 सप्टेंबर 1967 ला तर चांगलाच जोराचा धक्का बसला. तरी दख्खनचे पठार अढळ, हा पुस्तकी भरवसा काही सुटेना. डिसेंबरात तो सुटला.

मग लोक म्हणू लागले, ‘हे धरणानेच केले.’ माझ्या मते हे अर्धे खरे. उतारावरची भरली गाडी चाकाखालच्या दगडाने थोपलेली असते. दगडाला पाय लागून तो निसटला की गाडी सुटते. पण तिला खाली नेणारी ओढ पायाची नव्हे, उताराची. कोयनेचा उतार कोणता? पृथ्वीचे कवच मोठमोठ्या भूपट्टांचे आहे. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला भिडतो. त्या रेट्याने हिमालय उचलला गेला. तोच ताण इकडच्या जुन्या भेगांतही साठतो. जलाशयाचे ओझे वर पडले, पाणी दाबाने भेगांत झिरपले, खडकांची एकमेकांवरची पकड सैल झाली, आणि साठलेला ताण मोकळा झाला.

पण हा उलगडा त्या वेळी सांगणार कोण? भूपट्टांचा सिद्धांतच तेव्हा आकार घेत होता. मॅकेन्झी आणि पार्कर यांचा त्यावरचा गाजलेला लेख ‘नेचर’मध्ये छापून आला तो 30 डिसेंबर 1967 ला, कोयनेचा ढिगारा अजून उपसायचा असताना.

धरणाला चिरा गेल्या, पण ते टिकले. पुढे त्याला मजबुती दिली. 2017 साली त्याच परिसरात गोठण्याला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले. वर सव्वा किलोमीटर काळा पाषाण लागला, खाली ग्रॅनाइट. भूकंप जिथे उपजतात त्या खडकाची तपासणी अशी सुरू झाली. कोयनेच्या खोऱ्यात लहान धक्के मात्र अजूनही बसतात.