न केलेल्या गुन्ह्याची माफी

1907 पूर्वीच्या इंग्लंडमध्ये ज्यूरीने, म्हणजे नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, आरोपीला एकदा दोषी ठरवले की पुराव्याच्या मुद्द्यावर अपील करायला वरचे न्यायालयच नव्हते. गृहमंत्र्याकडे अर्ज करून राजाची माफी मिळवणे एवढाच मार्ग उरे, आणि निरपराध माणसालाही न केलेल्या गुन्ह्याची माफीच मागावी लागे. याच राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानासाठी केलेल्या 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र, ज्यूरीविना चाललेल्या खटल्यात तरी, सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध पुराव्याच्या मुद्द्यावरही अपील करता येत होते. म्हणजे साताऱ्याच्या कैद्याला असलेला हक्क लंडनच्या कैद्याला नव्हता.

ही उणीव उघडी पाडली ती दोन खटल्यांनी. अॅडॉल्फ बेक याला 1896 मध्ये, स्त्रियांना फसवणारा दुसराच एक ठग समजून, सात वर्षांची शिक्षा झाली आणि 1904 मध्ये त्याच गैरसमजातून तो पुन्हा दोषी ठरला. खरा ठग त्याच वर्षी हाती लागला म्हणून तो सुटला. दुसरा खटला जॉर्ज एदलजी या तरुण सॉलिसिटरचा. मुंबईच्या पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले त्याचे वडील शापूरजी हे स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वर्ली गावचे धर्मगुरू होते. तिथल्या खाणीजवळ ऑगस्ट 1903 मध्ये एका तट्टाचे पोट रात्री फाडलेले आढळले आणि अशा कृत्यांविषयी आलेल्या निनावी पत्रांचा संबंध त्याच्याशी जोडून जॉर्जला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. पत्रे त्याचीच असल्याचे सांगणारा हस्ताक्षरतज्ज्ञ थॉमस गरिन हा बेकच्या खटल्यातही चुकीची साक्ष देऊन गेला होता, हे विशेष. दहा हजार सह्यांचा अर्ज होऊनही जॉर्जने तीन वर्षे तुरुंगात काढली. 1906 मध्ये तो सुटला, पण कलंक तसाच राहिला. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी 1907 च्या जानेवारीत वृत्तपत्रातून प्रकरण मांडले: आठ डायॉप्टरची, म्हणजे तीव्र, लघुदृष्टी असलेला माणूस अंधारात शेते आणि रूळ ओलांडून हे कृत्य करील कसा, आणि त्याच्या कोटावर घोड्याचे केस सापडले म्हणावे तर मृत तट्टाच्या कातडीसोबतच तो कोट तपासणीला गेला होता.

सरकारी समितीने त्याला तट्टाच्या प्रकरणातून मोकळे केले, परंतु पत्रे त्यानेच लिहिली असे धरून संकट त्याने अंशतः स्वतःवर ओढवल्याचा ठपका ठेवला. दिलेली शिक्षा चुकीची ठरल्यावरही दोषाचा काही वाटा कैद्याच्याच पदरी टाकण्याची ही वृत्ती सरकारी अब्रू राखण्यापुरतीच होती. त्याच वर्षी फौजदारी अपील कायदा संमत झाला. बेकला पाच हजार पौंड भरपाई मिळाली. एदलजीला माफी आणि वकिलीची सनद परत मिळाली, भरपाई मात्र 1953 मध्ये त्याचे निधन होईपर्यंत मिळाली नाही.