माझ्या आजोबांची कुळकथा
(आपल्या देवळांतील जुन्या वह्यांवरून)

माझे आजोबा वाडीवाले होते. केळी, पानवेली आणि मोगरा ह्यांची निगा राखण्यांत त्यांचा जन्म गेला. तथापि पावसाची झड लागली म्हणजे ते ओटीवर बसून जाळें विणीत. आमच्या आळींत दुसरें कोणी जाळ्यास हात लावीत नसे, आणि आजोबा स्वतः मासे धरावयास कधीं गेल्याचें कोणास आठवत नाहीं. विणून झालेलें जाळें ते समुद्रकांठच्या एका घरीं नेऊन देत व रिकाम्या हातानें परत येत.

दुसरी एक गोष्ट. मृतांच्या दिवशीं, म्हणजे २ नोव्हेंबरला, घरच्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या कीं आजोबा एक मेणबत्ती हातीं घेऊन एकटेच कबरस्थानाच्या पश्चिमेकडील भिंतीकडे जात, आणि जेथें क्रूस नाहीं अशा एका जागीं ती लावीत. “तेथें कोण आहे?” असें आम्हीं मुलांनीं विचारलें तर “आपलें माणूस” एवढेंच उत्तर मिळे.

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त जुन्या घराण्यांची माहिती गोळा करण्याचें ठरलें, तेव्हां आमच्या घराण्याचें काम मीं मोठ्या उत्साहानें अंगावर घेतलें. खरें सांगावयाचें तर त्या उत्साहांत अभिमानाचा अंश बराच होता. आमचें घराणें फिरंग्यांच्या काळापासूनचें, असें ऐकत मी वाढलों. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस लिहून दिली. निदान त्या शतकापर्यंत तरी वंशाचा धागा नेऊन भिडवावा, अशी माझी हाव होती. तो तेथवर पोंचला नाहीं, हें आरंभींच कबूल करतों. मला जी अत्यंत जुनी नोंद मिळाली ती सन १८३१ ची. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला, त्याच्या अलीकडेच माझा धागा तुटला.

प्रथम ह्या वह्यांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. त्या कोणी हौसेनें ठेविल्या नाहींत. सन १५६३ च्या नोव्हेंबरांत त्रेंत येथील धर्मसभेनें विवाहासंबंधीं जे नियम केले, त्यांत प्रत्येक धर्मगुरूनें विवाहांची वही ठेवावी असें सांगितलें. त्याच नियमांत बाप्तिस्म्याच्या वेळीं उभे राहणाऱ्या धर्मपित्याचें व धर्ममातेचें नांव वहींत लिहावें, अशीहि आज्ञा आहे. पुढें सन १६१४ मध्यें पांचव्या पौल पोपांनीं जो विधिग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, धर्मग्रामांतील कुटुंबांची गणना आणि मयत अशा पांच वह्या नेमून दिल्या. आतां धर्ममातेचें नांव लिहिण्याचा एवढा आग्रह कां? तर बाप्तिस्म्यानें जुळणारें नातें हें रक्ताच्या नात्यासारखेंच खरें नातें होय, असें धर्मसभा मानीत होती. इतकें खरें, कीं धर्ममाता व तिचें धर्मापत्य अशा नात्यांत विवाह होऊं शकत नसे. हा निर्बंध सन १९८३ च्या नव्या धर्मसंहितेंत वगळला गेला. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

विगार फादरांनीं वह्या पाहण्याची परवानगी दिली. अटी दोनच: वही कचेरीबाहेर न्यावयाची नाहीं, आणि बोट ओलें करून पान उलटावयाचें नाहीं. दुसरी अट पाळणें फार कठीण गेलें.

आपलीं देवळें सन १८८६ पासून १९२८ पर्यंत दमणच्या धर्मप्रांतांत होतीं. त्यानंतर मुंबईच्या, आणि १९९८ पासून आपल्या स्वतःच्या वसई धर्मप्रांतांत आहेत. जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेंत आहेत. ही भाषा मला येत नाहीं. परंतु प्रत्येक नोंदीचा सांचा ठरलेला असल्यामुळें आठ दिवसांत वाट सांपडते. अमुक दिवशीं अमुक नांवाच्या बालकास बाप्तिस्मा दिला, तें अमुकाचें औरस अपत्य, धर्मपिता अमुक, धर्ममाता अमुक, आणि खालीं धर्मगुरूची सही. पुष्कळ नोंदींत दोन्हीकडील आजाआजींचीं नांवेंहि असल्यामुळें एका नोंदींत तीन पिढ्या हातीं लागतात. समासांत पाहावयास विसरूं नये. सन १९०८ पासून, माणसाचें लग्न कोठें व केव्हां झालें हें त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीं लिहिण्याचा नियम झाला. मुंबईस गेलेल्या माणसाचा पत्ता पुष्कळदां ह्या समासांतच सांपडतो.

फसण्याच्या जागाहि आहेत. जुने लेखक महिन्याचें नांव आंकड्यानें आंखडून लिहीत. ‘७ब्रे’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. ‘९ब्रु’ म्हणजे नोव्हेंबर. ह्या शब्दांत लॅटिनमधील सात व नऊ हे अंक दडलेले आहेत. हें ठाऊक नसल्यानें माझ्या खापरपणजीच्या पदरीं मीं लग्नानंतर आठव्याच महिन्यांत मूल घातलें, व दोन दिवस मनांत उगीच खजील होऊन वावरलों. सुदैवानें ही लाजिरवाणी गणना मी कोणाशीं बोललों नव्हतों.

नांवांचें तर विचारूंच नये. घरीं ज्यास बस्त्याव म्हणतात तो वहींत सेबास्तियांव असतो, डुमिंग हा दोमिंगुस असतो. आडनांवावर विसंबूं नये, हें तर पुनः पुनः सांगावेंसें वाटतें. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें आडनांव घेण्याचा प्रघात होता. त्यामुळें एका आडनांवाचीं दहा घरें एका रक्ताचीं असतीलच असें नाहीं. उलट, सख्ख्या भावांचीं आडनांवें निराळीं असलेलींहि मीं पाहिलीं. आळी आणि घराचें टोपणनांव हींच खरी खूण.

देवळाच्या वह्यांस सरकारी दप्तराची जोड द्यावी. गांव नमुना १४, ज्यास कोतवाल बुक म्हणतात, त्यांत जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. जमिनीच्या फेरफारांत वारसांचीं नांवें असतात. शाळेच्या दाखल्यावर मात्र फार भरंवसा ठेवूं नये. मास्तरांच्या कृपेनें निम्मी वसई १ जूनलाच जन्मलेली आहे, आणि त्यांत आमचे आजोबाहि आले.

वस्तुतः आजोबांचा जन्म मार्च १९११ मधला. नोंदींत लिहिलें आहे कीं, बालकाच्या जिवाचा भरंवसा नसल्यामुळें त्यास घरींच बाप्तिस्मा देण्यांत आला. पाणी घालणारी बाई समुद्रकांठच्या कोळीवाड्यांतील एका मासेमाराची बायको. पुढें बाराव्या दिवशीं देवळांत उरलेले विधी झाले, तेव्हां धर्ममाता म्हणून तीच उभी राहिली. ती त्या घटकेस आमच्या घरीं कशी होती, हें वही सांगत नाहीं. डोईवर टोपली घेऊन दारीं आली असावी, असा माझा तर्क आहे.

त्यानंतर मीं मयतांची वही उघडली. सन १९१८ चा इन्फ्लुएन्झा, ज्यास आपले वडीलधारे मानमोडी म्हणत, त्यानें एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांवर माणसें नेलीं. हा आंकडा मीं पूर्वीं वाचला होता. वाचला आणि विसरलों होतों. आपल्या वहींत त्या ऑक्टोबर महिन्यानें जितकीं पानें घेतलीं आहेत तितकीं एरव्हीं सबंध वर्षास पुरत. अक्षर प्रथम वळणदार आहे, मग घाईचें होतें, आणि महिन्याच्या मध्यावर निराळ्याच हाताचें सुरू होतें. त्या पानांवर माझी पणजी आहे. तिच्या खालीं दोन दिवसांनीं तिची तान्ही मुलगी, आणि आणखी दोन दिवसांनीं माझे पणजोबा. आजोबा त्या वेळीं सात वर्षांचे होते.

घरांत सांगत कीं ते मामाकडे वाढले. परंतु तो मामाहि त्याच आठवड्याच्या पानावर मला सांपडला. फेरफारांत मुलाच्या नांवापुढें अज्ञान पालनकर्ता म्हणून एका चुलत्याचें नांव आहे. म्हणजे जमीन त्यानें सांभाळली. मुलगा कोठें होता? ह्याचें उत्तर सन १९३३ च्या विवाहाच्या वहींत मिळालें. तेथें वराचें राहण्याचें ठिकाण आमची आळी नव्हे. कोळीवाडा लिहिलें आहे, आणि साक्षीदार म्हणून त्या धर्ममातेच्या मुलाची सही आहे. तिचा स्वतःचा मृत्यु सन १९३६ चा.

जाळ्याचा आणि मेणबत्तीचा उलगडा मला असा झाला.

हा मजकूर मीं आत्यांस वाचून दाखविला. त्यांस तो मुळींच रुचला नाहीं. “मेलेल्यांचे हिशेब कशास काढतोस? त्या चुलत्याचीं नातवंडें आपल्या शेजारीं राहतात,” असें म्हणून त्या उठून गेल्या. त्यांचें म्हणणें मीं अर्धें मानलें. म्हणून त्या गृहस्थाचें नांव येथें नाहीं. परंतु ज्या बाईनें सात वर्षांच्या पोरास घरांत घेतलें तिची हकीकत गाळून आमच्या घराण्याचा इतिहास लिहिणें मला खोटेपणाचें वाटलें. आपल्या समाजांत वाडीवाला आणि कोळी ह्यांच्यामध्यें जी रेघ होती ती कोणास ठाऊक नाहीं? एकाच वेदीपाशीं गुडघे टेकावयाचे आणि एका पंक्तीस बसावयाचें नाहीं, हें आपण पिढ्यान्‌पिढ्या केलें.

चार दिवसांनीं आत्यांनीं मला बोलावलें. पेटींतून फडक्यांत गुंडाळलेली एक वस्तु काढून त्यांनीं माझ्या हातीं दिली. ती जाळें विणण्याची लाकडी सुई होती. धरून धरून मधोमध झिजलेली. “बाबांनीं जातांना सांगितलें होतें, ही त्यांच्या घरीं पोंचती कर म्हणून. मी नेली नाहीं. लोक काय म्हणतील, असें वाटलें.” एवढें बोलून त्या गप्प राहिल्या.

दुसऱ्या दिवशीं मी ती घेऊन समुद्रकांठीं गेलों. घर आतां पक्कें झालें आहे. माणसें तीं नाहींत, त्यांचीं नातवंडें आहेत. मीं माझें नांव सांगितलें, आजोबांचें सांगितलें, व पुढें कसें बोलावें ह्या विचारांत पडलों. घरधनीण म्हणाली, तें नांव आम्हांस ठाऊक आहे. संध्याकाळीं जपमाळ झाल्यावर त्या घरीं आपल्या मृतांसाठीं प्रार्थना होते, आणि त्या नांवांत माझ्या आजोबांचें नांव अद्याप घेतलें जातें.