हजेरीच्या वहीपासून कॅमेऱ्यापर्यंत

'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात.' ही पाटी आता आमच्या वाटूरसारख्या फाट्यावरच्या गावांनाही नवी राहिलेली नाही. चोरी झाली की पहिला प्रश्न, "फुटेज आहे का?" २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने मुंबईत कॅमेरे लावायची शिफारस केली आणि २०१६ मध्ये तिथे साडेचार हजारांवर कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहिलं. त्याची गरज मलाही पटते.

पण मंडळी, पाळत ही गोष्ट कॅमेऱ्याहून खूप जुनी!

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ पासून तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी अशा जमातीत जन्मणं हाच गुन्हा. बोटांचे ठसे द्या, हजेरी लावा, गाव सोडायचं तर परवानगी घ्या. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहतच होती. माणसं गिरणीत राबायची आणि हजेरीला परत यायची. त्या भागाला लोक 'सेटलमेंट' म्हणू लागले. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून मोकळा झाला, देश त्याच्याही आधी. हा कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला!

पुढे उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग यांचं प्रकरण गाजलं. दरोड्याच्या आरोपातून ते पुराव्याअभावी सुटले होते, तरी पोलीस रात्री-अपरात्री दार ठोठवायचे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असंही सांगितलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं. ते मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं.

असो. हजेरीच्या वहीत ठरावीक माणसांचीच नावं असायची, कॅमेऱ्यात सगळेच येतात. म्हणून तो आपल्याला न्यायी वाटतो. पण पालावरची बाई दुकानात शिरली की गल्ल्यावरच्या माणसाचे डोळे लगेच पडद्याकडे वळतात, हे मी पाहिलंय. तुमच्या-माझ्या वेळी वळत नाहीत. चित्रण किती दिवस ठेवायचं, कोणी बघायचं, याचे नियम हवेतच. पण कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली, तरी ती जुनी वही आपल्या डोक्यात उघडीच आहे. ती कोण मिटवणार?