माहीमचा बांध आणि पथकराचा प्रश्न

मुंबई बेटास साष्टीशी जोडणारे दोन बांध एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्णत्वास गेले. शीव ते कुर्ला हा पहिला बांध गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत, १८०५ साली पुरा झाला. त्यावर सरकार पथकर घेत असे. तो १८३१ मध्ये उठविण्यात आला.

माहीम व वांद्रे यांच्यामधील खाडी मात्र त्यानंतरही तरीनेच ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात हा प्रवास धोक्याचा होई. सरकार खर्चास राजी नव्हते. अखेर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी द्रव्य पुरविले. १८४१ मध्ये आरंभिलेला हा बांध १८४५ साली वाहतुकीस खुला झाला. खर्च दीड लाख रुपयांहून अधिक झाला. या मार्गावर पथकर बसवू नये, अशी देणगीची अट होती.

या अटीकडे केवळ औदार्य म्हणून पाहणे अपुरे होय. ओझे घेऊन पायी येणाऱ्या गरिबास रोजचा कर हा खाडीइतकाच अडसर ठरतो, ही जाणीव तीत अनुस्यूत आहे.

याच बांधावरील वाहनांची कोंडी कमी व्हावी म्हणून उभारलेला वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला, तो पथकरासह. उलट, ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांस पथकर माफ झाला. तात्पर्य, पूल बांधण्याचे शास्त्र पालटले. त्याचा भार कोणी वाहावा, हा वाद मात्र शीवच्या नाक्यापासून अद्याप चालूच आहे.