कुलाब्याची नाविक वस्ती आणि १९४६ चा संप

उमरेडला समुद्र नाही; पण नोकरीबरोबर मिळणारे आणि नोकरीबरोबरच जाणारे घर कसे असते, हे खाणीच्या क्वार्टरांत राहणाऱ्यांस सांगावयास नको. मुंबईच्या दक्षिण टोकास कुलाब्याचे नेव्ही नगर आहे, ती अशाच घरांची वस्ती. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड हलले. ही भूमी मूळची कोळ्यांची. १८३८ साली समुद्रात भर घालून केलेल्या रस्त्याने कुलाब्याचे बेट मुंबईस जोडले गेले. इंग्रजांनी तेथे छावणी वसविली, आणि शहर एकीकडे, छावणी दुसरीकडे असा व्यवहार सुरू झाला.

तो मोडला १९४६ च्या फेब्रुवारीत, आणि तोही अन्नावरून. कुलाब्यातील ‘तलवार’ हे जहाज नव्हे. ती किनाऱ्यावरची संदेशवहनाची शाळा. तेथील हिंदी नाविकांस अन्न निकृष्ट, पगार गोऱ्यांहून कमी, आणि वर कमांडर किंग यांच्या शिव्या. १८ फेब्रुवारीस त्यांनी न्याहारी नाकारली व काम थांबविले. इतिहासकार ह्यास बंड म्हणतात. मी संप म्हणतो, कारण नाविकांनीही आपल्या समितीस संप समितीच म्हटले. एम. एस. खान तिचे अध्यक्ष, मदन सिंग उपाध्यक्ष. एक मुसलमान, एक शीख. पाहता पाहता संप कराचीपर्यंत पोचला.

२१ तारखेस कोटातील कॅसल बॅरॅक्सपाशी लष्कर आणि नाविक यांच्यात गोळीबार झाला. नाविकांची उपासमार होणार असे दिसताच मुंबईकर अन्न घेऊन धावले. दुकानदारांनी, लागेल ते न्या, म्हणून सांगितले. हे कोणा पुढाऱ्याच्या आज्ञेवरून घडले नाही. काँग्रेस व लीगचे श्रेष्ठी तर संपापासून दूरच होते. २२ तारखेस कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवरून गिरणीकामगार बाहेर पडले. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मेली; बहुतेक साधी, रस्त्यावरची. परळला कमल दोंदे गोळीने पडल्या.

सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेस नाविकांनी संप मागे घेतला. शिक्षा होणार नाही अशी त्यांची समजूत होती. पण अटका झाल्या, शेकडो जणांस काढले. नोकरीबरोबर बॅरॅकमधली खाटही गेली. पुढे स्वराज्य आले, ‘हिज मॅजेस्टी’चे नाव जहाजांवरून पुसले गेले, पण ह्या नाविकांस ना भारताच्या नौदलाने परत घेतले, ना पाकिस्तानच्या.