भिंतीवरचा वॉटरमार्क

इतिहास हा विषय मला शाळेत कधी जमला नाही. सनावळ्या पाठ व्हायच्या नाहीत, आणि झाल्याच तर लढाया बदलायच्या. पुढे साठी उलटल्यावर हा विषय मला नीट शिकवला तो आमच्या नाशिक रोडच्या बाथरूमच्या भिंतीने. गुरुदक्षिणा म्हणून तिने अंगावरच्या सगळ्या टाइल्स काढून घेतल्या, आणि माझ्या फंडातले बरेचसे पैसेही.

सुरुवात एका डागापासून झाली. रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे अण्णा वर आले. अण्णा सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले. सारी हयात स्टँपांच्या छपाईत गेली. त्यामुळे हातात कुठलाही कागद आला की आधी उजेडाकडे धरून बघायचे. मग ती लग्नपत्रिका का असेना. म्हणाले, "जरा खाली या. तुमच्या बाथरूमने माझ्या भिंतीवर वॉटरमार्क उमटवलाय."

डाग चांगला ऑस्ट्रेलियाएवढा होता. मी तो हसण्यावारी नेणार, तेवढ्यात अण्णांनी त्या भिंतीला टेकलेलं कपाट उघडलं. आत त्यांच्या वडिलांनी सुरू केलेला आल्बम. वडीलही प्रेसमध्येच होते. २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालेलं, स्वतंत्र भारताचं पहिलं, तिरंग्याचं तिकीट त्यात होतं. "हे आपल्याकडं छापलं," अण्णा म्हणायचे, "गांधीजींचं मात्र १९४८ ला स्वित्झर्लंडला!" हे दुःख त्यांनी वडिलांकडून वारशात घेतलं होतं. आता ती पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. डिंकाला ओल लागली की चिकटणं हा त्याचा धर्मच. अण्णांनी पान सोडवायचा प्रयत्न केला, कोपरा फाटला, आणि त्यांनी आल्बम मिटून ठेवला. बोलले काहीच नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी आला. त्याने थापीच्या दांड्याने टाइल्स वाजवून पाहिल्या. निम्म्या तबल्यासारख्या बोलल्या.

"भाऊ, आत कोट केलाय का काही?"

"टाइल्स लावल्यात की! चांगल्या चकचकीत."

तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "टाइल म्हंजे साडी, भाऊ. आतून परकर नको का?"

या एका वाक्यात साडेचार हजार वर्षांचा इतिहास होता, हे मला नंतर वाचताना कळलं. मोहेंजोदडोचं ते प्रसिद्ध महास्नानगृह घ्या. सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद. त्या लोकांनी विटा अगदी घट्ट बसवल्या, सांध्यांत जिप्समचा गिलावा भरला; पण एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. विटांच्या मागे त्यांनी डांबराचा थर दिला. विटा दिसायला आणि डांबर पाण्याला! हे स्नानगृह उकरून निघालं १९२५-२६ च्या सुमारास. आमचं सिक्युरिटी प्रेसही १९२५ चंच. म्हणजे एकीकडे जुन्या लोकांचा परकर सापडत होता आणि इकडे नाशिक रोडला स्टँपांची सोय होत होती. माझ्या बाथरूमने दोन्हींचा अपमान केला.

एवढ्या लांब कशाला, आमची पांडवलेणी घ्या. नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या शिलालेखात, आपण लेणं आणि पाण्याच्या पोढ्या करवल्या, असं कोरून ठेवलंय. अखंड खडकात खोदलेलं टाकं. सांधाच नाही, तर गळणार कुठून? सगळं दुखणं सांध्यात असतं, हे दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. माझे गुडघे हेच सांगत होते, पण मी लक्ष दिलं नाही.

मग वाड्यांचा काळ. बैल घाणीभोवती फिरून चुना मळायचे. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालायचे. आमच्या आजीचं पोषण एवढं झालं नसेल. आणि न्हाणीचं पाणी सरळ मागच्या अळवाला! गळती हा तेव्हा दोष नव्हता, भाजी होती. खाली अण्णा नव्हते, अळू होतं.

माणसं एकमेकांच्या डोक्यावर राहायला लागली ती सिमेंटमुळे. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ ला पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्याकडे ते इतकं दुर्मीळ झालं की पोत्याला परमिट लागायचं. सिमेंटवाटपाच्या प्रकरणात जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. त्याच वर्षी नियंत्रण थोडं सैल झालं, आणि पुरतं उठलं ते १९८९ ला. आमची इमारत त्या परमिटच्या दिवसांतली. कंत्राटदाराने सिमेंट अत्तरासारखं वापरलं होतं. पण मिस्तरी म्हणाला, भरपूर घातलं असतं तरी सिमेंटला बारीक भोकं राहतातच, त्यातून ओल सरकते. टाइलचंही तेच. समोर काचेसारखा लुकण, पण पाठ तहानलेली. म्हणून तर भिंतीच्या टाइल्स पूर्वी बसवण्याआधी बादलीत बुडवून ठेवत. पाणी सांध्यातून शिरतं, टाइलच्या पाठीला लागतं, आणि सावकाश अण्णांकडे निघतं.

मग रीतसर काम झालं. सगळं खरवडून विटेपर्यंत. नळांच्या झिऱ्या बुजवण्याआधी दाब देऊन पाईप तपासले. ओळंबा लावून नवं प्लॅस्टर, त्यावर आठवडाभर पाणी मारणं. हे काम मी केलं, देवपूजेपेक्षा नेमाने. भिंत आणि जमीन जिथे भेटतात त्या कोपऱ्यात गोल वाटा घेतला, त्यावर जाळीची पट्टी. मग रबरासारख्या पातळ लेपाचे दोन हात, एक उभा, एक आडवा. जमिनीपासून वर फूटभर सगळीकडे, शॉवरच्या भिंतीला डोक्याच्याही वर. शेवटचा हात ओला असतानाच त्यावर वाळू भुरभुरली, टाइलला पकड मिळावी म्हणून.

टाइल्स लावायच्या आधी मोरीचं तोंड बंद करून जमिनीवर चार बोटं पाणी तुंबवलं. अठ्ठेचाळीस तास ठेवायचं. खाली अण्णांनी छताखाली खुर्ची टाकली आणि पेपर घेऊन बसले. मी दर दोन तासांनी जायचो. "काय म्हणतंय?" "अजून काही म्हणत नाही." पहिल्या दिवशी चहा नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी अर्धा कप आणून ठेवला. शेवटच्या तासाला अण्णा स्टुलावर चढले, छतावर तळहात फिरवला आणि खाली उतरून म्हणाले, "कोरडं." मग काकूंनी कप भरून आणला.

आल्बममधली तिकिटं काही सुटली नाहीत. गांधीजी आणि तिरंगा एकमेकांना चिकटलेलेच आहेत. ते सुटणार नाहीत हे अण्णांनी मानलंय, मी अजून मानलेलं नाही. मी निदान त्यांच्या भिंतीला रंग तरी लावून देतो म्हणालो.

अण्णांनी त्या वाळलेल्या ऑस्ट्रेलियाकडे पाहिलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "वॉटरमार्क आहे तो. नसला तर शेजार नकली वाटायचा."